मामांचा अर्धा पीळ

मामांना आपल्या हाताचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाने नम्रच असावं असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. "मी बसवलेलं दार माझ्या माघारीही कुरकुरणार नाही," असं ते येता-जाता ऐकवायचे, आणि ते खरंही होतं. घट्ट म्हणजे पक्कं, हा त्यांचा सिद्धांत. कोणी आवळलेला स्क्रू दिसला की मामा जाता जाता त्याला आणखी अर्धा पीळ देऊन जात. एकदा दवाखान्यात तपासून घ्यायला गेले आणि डॉक्टरांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय पक्का करून परत आले. आपलं काय दुखत होतं ते सांगायचं राहूनच गेलं.

असा माणूस भाचीच्या कारखान्यात कामाला लागला म्हणजे काय होणार, हे खरं तर भाचीला आधीच कळायला हवं होतं. पण लहानपणी प्रत्येक सुट्टीत ती मामांच्या ठोकळ्यावर बसून रंधा धरायला शिकली होती. पुढे इंजिनियर झाली, कारखाना काढला, आणि पहिला माणूस म्हणून मामांनाच बोलावलं. कामगार तिला मॅडम म्हणत. मामा तिला ठमी म्हणत, मग समोर कोणीही असो.

कारखान्यात बांबूच्या तुळया व्हायच्या. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मामा पोट धरून हसले होते. "बांबूची शिडी होते, टोपली होते. तुळई कसली करतेस? उद्या गवताचा खांब उभा करशील!"

"बांबू गवतच आहे, मामा," ती म्हणाली होती. "तेच करणार आहे."

आणि तिने केलं. बांबू उभा चिरायचा. वरची गुळगुळीत हिरवी साल आणि आतला मऊ भाग रंध्याने काढून टाकायचा. पट्ट्या औषधाच्या पाण्यात उकळायच्या, म्हणजे कीड लागत नाही, आणि भट्टीत वाळवायच्या. मग गोंद लावून थरावर थर रचायचा आणि सगळी चळत लोखंडी शिकंज्यांत आवळून रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी शिकंजे सोडले की आठ मीटर लांबीची, एकसंध, मधाच्या रंगाची तुळई बाहेर निघे. पहिली निघाली तेव्हा मामांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. मामा पाच मिनिटं गप्प बसणं ही त्या कारखान्यात नोंद करण्यासारखी गोष्ट होती.

शिकंजे बावीस होते, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एका रांगेत. ते आवळायला भाचीने एक खास पाना आणला होता. ठरलेला दाब पडला की तो 'कट्ट' असा आवाज करी आणि तिथेच थांबायचं. मामांनी त्याचं नाव ठेवलं कटकट्या. "माणसाने किती जोर लावायचा हे आता लोखंड सांगणार," ते म्हणायचे. बोलायचे, पण वापरायचे. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

वाचनालयाच्या नव्या दालनाचं छप्पर सहा तुळयांवर उभं राहायचं होतं. समितीला खरं तर लोखंड हवं होतं. भाचीने दोन वर्षं त्यांच्या मागे लागून, आकडे दाखवून, नमुने मोडून दाखवून त्यांना बांबूवर आणलं होतं. अट एकच होती. तपासणीचे इंजिनियर साहेब येतील, सहातली कुठलीही एक तुळई निवडतील, तिच्यावर वाळूची चाळीस पोती चढवतील आणि अर्धा तास थांबतील. ती टिकली तर सही. नाही टिकली तर दालन लोखंडाचं, आणि त्यानंतर त्या भागात बांबूचं नाव कोणी काढलं नसतं. समितीची बैठक पुढच्याच आठवड्यात होती.

साहेब अंगाने बारीक होते आणि आवाज त्याहून बारीक. त्यांनी सहाही तुळयांवरून नजर फिरवली आणि पहिल्याच तुळईवर खडू ठेवला. "ही."

एक नंबर दोन भक्कम टेकूंवर चढवली. मधोमध लोंबणाऱ्या फळीवर कामगार पोती ठेवू लागले. दहा झाली, पंधरा झाली, वीस झाली. तुळई जराशी वाकली, जेवढी वाकेल असं भाचीच्या कागदावर लिहिलं होतं तेवढीच. मामा हाताची घडी घालून उभे होते आणि साहेबांकडे अशा नजरेने बघत होते, की बघा, आमच्या घरात हे असं असतं. तेविसावं पोतं ठेवलं आणि एका टोकाकडून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. तुळईचे थर एकमेकांपासून सुटले आणि फळी धप्पकन खाली आली.

कोणाला लागलं नाही. एका फाटलेल्या पोत्यातून वाळू जमिनीवर गळत राहिली.

साहेब वाकले. सुटलेल्या थरांमध्ये त्यांनी बोट घातलं, मग चष्मा वर करून जवळून पाहिलं. "इथे गोंदच नाही," ते म्हणाले. "पट्ट्या जवळजवळ कोरड्या आहेत. गोंद कोण मिसळतं?"

"मी," आक्का म्हणाल्या.

आक्कांचं वय पन्नाशीचं. गोंद आणि तो घट्ट करणारं औषध काट्यावर तोलून एकत्र करायचं, वेळ लिहायची, वेळेत पट्ट्यांना लावून संपवायचं, हे काम तीन वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांची वही शाळेतल्या हुशार मुलीच्या वहीसारखी होती. साहेबांनी ती वही उघडली, वाचली आणि मिटली.

"वहीत चूक नाही. पण तुळईत आहे. गोंद पातळ झाला असेल किंवा कमी पडला असेल. मग तो सहाही तुळयांत तसाच असणार."

"आक्का चुकत नाहीत," भाची म्हणाली.

"मग कोण चुकलं?"

 भाचीने दुसरा मार्ग काढून पाहिला, की उरलेल्या पाचही तुळयांवर वजन चढवून बघा. साहेबांनी मान हलवली. "आज पेललं म्हणजे दहा वर्षं पेलेल असं नाही. दोष का आला ते कळल्याशिवाय मी एकाही तुळईवर सही करणार नाही. खाली लोक वाचत बसणार आहेत, मॅडम." बोलणं बिनतोड होतं. नव्या सहा तुळया करायच्या तर बांबू उकळून, वाळवून दोन महिने लागले असते. वाळलेल्या पट्ट्या शिल्लक होत्या त्या फक्त दोन तुळयांपुरत्या.

  त्या कोरड्या पट्ट्या पाहताक्षणी मामांना सगळं लख्ख समजलं होतं, कारण त्या तुळईतला गोंद कुठे गेला हे जगात फक्त त्यांनाच माहीत होतं. आणि इतर कोणालाही ते माहीत नव्हतं, ही दुसरी गोष्टही तितकीच खरी होती. कोणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं तर चाळीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहणार होतं.

आक्का नळाखाली बादल्या धुत बसल्या होत्या. बादल्या सकाळीच धुऊन झाल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा घासत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. मामांनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर इथे हाताची घडी घालून उभा होता.

साहेब बॅगेची चेन लावत होते.

"साहेब, थांबा," मामा म्हणाले. "गोंद बरोबर होता. पुरेसाही होता. तो मी बाहेर काढला."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"पाना कट्ट वाजल्यावर, सगळे घरी गेल्यावर, मी माझा जुना पाना घेतला, त्याला हातभर पाइप लावला आणि प्रत्येक शिकंज्याला अर्धा पीळ दिला. सकाळी येऊन बघतो तर तुळईच्या दोन्ही अंगांना गोंदाचे हे एवढाले ओघळ! मला वाटलं, वा, काय घट्ट बसलीय. ठमी ओरडेल म्हणून ती यायच्या आत पटाशीने खरवडून टाकले." मामांनी सुटलेल्या थरांकडे बोट दाखवलं. "आता कळतंय. गोंदाला राहायला जागा लागते. मी ती ठेवलीच नाही. सगळा पिळून बाहेर आला आणि पट्ट्या कोरड्याच एकमेकींवर बसल्या."

"सहाही तुळयांना असं केलंत?" साहेबांचा आवाज आणखी बारीक झाला होता.

"नाही. एक नंबरला आणि चार नंबरला."

 भाची मामांकडे बघत होती, आणि ते बघणं मामांना सोसवत नव्हतं. म्हणून ते साहेबांशीच बोलत राहिले.

"एक नंबर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ठमीने सगळ्यांसमोर सांगितलं, की पाना वाजला की कोणी हात लावायचा नाही, आणि लक्ष मामा ठेवतील. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण शब्द दिला होता. दोन आणि तीनला बोटसुद्धा लावलं नाही. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, दुपारीच घरी गेली. संध्याकाळी मला राहवेना. दारापासून सुरुवात केली. अकरा शिकंजे झाले आणि हिचा फोन. म्हणाली, मामा, गुडघा दुखतोय ना, पायी जाऊ नका. अंगात ताप आणि काळजी माझ्या गुडघ्याची. मला कसंतरीच झालं. पाना ठेवला आणि निघालो. बारावा शिकंजा तसाच आहे. पाच आणि सहाच्या वाटेलाही गेलो नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मिस्त्री, तुम्ही हे या बाईंना वाचवायला कशावरून सांगत नाही? किंवा कारखान्याला वाचवायला? गोष्ट कोणालाही रचता येते."

आता मात्र मामांना राग आला. चूक कबूल करायला त्यांना जेवढं जड गेलं नव्हतं, तेवढं आपल्यावर विश्वास न बसणं जड गेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. कानावरची पेन्सिल काढून ते तरातरा चार नंबरपाशी गेले. प्रत्येक तुळईच्या दाराकडच्या टोकाला तिचा नंबर लिहिलेला असे. तिथून त्यांनी हाताने शिकंज्यांच्या जागा मोजल्या. अकरावी आणि बारावी यांच्या मधोमध तुळईवर एक जाड उभी रेघ मारली.

"रचलेली गोष्ट तपासता येत नाही, साहेब. ही येते. वजन चढवा. नंबराच्या टोकाकडून उघडेल, चीर धावत येईल आणि या रेघेपाशी थांबेल. रेघेपलीकडे ठमीच्या मापाने आवळलेलं आहे. तिथे ती जाणार नाही."

"एवढी खात्री?"

"चूक माझी आहे. ती नेमकी कुठे आहे हे मला नाही माहीत तर कोणाला?"

साहेबांनी भाचीकडे पाहिलं. मामांचं बोलणं खोटं ठरलं तर तिच्या हातात काहीच उरणार नव्हतं. ती रेघेजवळ आली, मामांकडे न बघता तिच्यावरून अंगठा फिरवला आणि कामगारांना म्हणाली, "चार नंबर चढवा."

या वेळी कोणी उभं राहून बघितलं नाही. सगळे रेघेच्या आसपास उकिडवे बसले, आक्कासुद्धा ओले हात पदराला पुसत आल्या. वीस पोती झाली. पंचवीस झाली.  आपली तुळई मोडावी म्हणून जीव टांगणीला लागण्याची मामांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. सत्तावीस झाली तरी काही नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "मिस्त्री, हिलाही तुमचा हात घट्टच लागलाय की." त्यावर हसण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

एकोणतिसाव्या पोत्याला तो आवाज आला. नंबराच्या टोकाकडून थर सुटले आणि बारीक काळी चीर सरसरत पुढे आली. चौथा शिकंजा गेला, सातवा गेला, नववा गेला. रेघेच्या अलीकडे ती थबकली. कामगारांनी फळीखाली ठोकळे सरकवले. चीर तिथेच होती.

साहेबांनी खिशातून टेप काढला. चिरेच्या टोकापासून रेघेपर्यंत मोजलं. चार बोटं अंतर भरलं. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं, तरी चारच बोटं.

पुढची दोन मिनिटं कोणी बाहेरून आत आलं असतं तर त्याला वाटलं असतं, या लोकांना वेड लागलंय. तुळई मोडून पडली होती आणि माणसं टाळ्या वाजवत होती. आक्का हसता हसता रडत होत्या. मामांच्या दंडावर चापट मारून म्हणाल्या, "मेल्या, लगेच बोलला असतास तर माझ्या बादल्या तरी वाचल्या असत्या!" मामांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

"कारण सापडलं," साहेब म्हणाले. "उरलेल्या चारही मी उद्या चढवतो. नव्या दोन होतील तेव्हा त्याही चढवीन. पण आवळताना मी समोर असेन." बॅग उचलता उचलता ते थांबले. "मिस्त्री, स्वतःची चूक एवढ्या मापात सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

सगळे पांगल्यावर भाची मामांसमोर येऊन उभी राहिली.

"एक नंबरचं मला कळतं," ती म्हणाली. "सवय आहे. पण चार नंबर का, मामा? तोवर मी तुम्हाला सांगितलं होतं."

"तुला ताप होता गं. वाटलं, तुझं काम कुठे कमी पडायला नको."

"म्हणजे माझं काम कमी पडेल असं तुम्हाला वाटलं."

 तिला ताप होता, तिची काळजी होती, हे सगळं खरं होतं. पण त्याच्या खाली हेच होतं. ठोकळ्यावर बसणाऱ्या पोरीचं काम आपला हात लागल्याशिवाय पुरं होत नाही, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं आणि आपल्याला असं वाटतं हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. ते आतून हलले.

"हो," ते म्हणाले. "तसंच वाटलं."

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "उद्यापासून कारखान्याची किल्ली आक्कांकडे राहील. शेवटी बाहेर पडणार त्या."

मामांनी कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली. तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम सुरू झालं. दोन नंबर चढवली, चाळीस पोती, अर्धा तास. टिकली. तीन नंबरही टिकली. जेवणं झाल्यावर पाच नंबर चढवली, तीही जेवढी वाकायची तेवढी वाकली आणि वजन उतरवताच सरळ झाली. प्रत्येक वेळी साहेब घड्याळ बघत, कागदावर लिहीत आणि पुढे सरकत. मामा दिवसभर हात पाठीमागे बांधून फिरत होते. एका टेकूचा बोल्ट त्यांना सैल वाटला. त्यांनी त्याला हात लावला नाही. भाचीला बोलावून दाखवला. तिने पाहिलं, तो सैल नव्हता. मामांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

शेवटी सहा नंबर चढली. उतरत्या दुपारचं ऊन खिडक्यांतून आडवं आत आलं होतं आणि तुळईचे थर एकेक करून मोजता येत होते. चाळिसावं पोतं फळीवर बसलं. अर्धा तास कोणी बसलं नाही. वाक मोजायला लावलेला काटा जिथे थांबला होता तिथेच राहिला. भाची तुळईच्या मधोमध उभी होती, एक हात तिच्यावर ठेवून, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मामा तिच्याकडे बघत होते. आपण हिला रंधा धरायला शिकवला, आणि आज ही आपण न शिकवलेलं काम करून उभी आहे. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांचा ऊर भरून आला.

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. "झालं. अर्धा तास झाला. पोती उतरवा."

"उतरवता कशाला, साहेब?" मामा एवढ्या मोठ्याने म्हणाले की नळापाशी उभ्या असलेल्या आक्काही वळल्या. "आणखी दोन पोती टाका. खुशाल टाका. हिला माझा हात लागलेला नाही."